चढाआधीची सायकल : लक्ष्मणराव किर्लोस्कर

पावसाळा ओसरला की वाईहून पाचगणीकडे जाणाऱ्या पसरणी घाटात सायकलस्वारांचे थवे दिसू लागतात. चढ अंगावर येण्यापूर्वीच हलका गिअर घ्यावा, पायांची गती एकसारखी राखावी, हात सैल ठेवावेत, दम शेवटच्या वळणापर्यंत पुरवावा आणि उभे राहून पायडल मारायचे ते थोडाच वेळ, हे तंत्र आता तरुणांना चांगले अवगत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्याकडे आलेल्या सायकलींना मात्र असे गिअर नव्हते. चढावर दोनच मार्ग उरत, मांड्यांचे बळ किंवा उतरून ढकलणे. (प्रस्तुत लेखकाने तरुणपणी दुसऱ्याच मार्गाचा अधिक अवलंब केला, हे कबूल करायला हवे.)

त्या सायकलींशी सांगली जिल्ह्यातील एका मोठ्या उद्योगाचा उगम जोडलेला आहे. लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकार होण्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले, परंतु काही रंग त्यांच्या डोळ्यांना नीट ओळखू येत नाहीत असे आढळले. रंग सुटले, रेषा राहिल्या. यांत्रिक रेखाटन शिकून ते मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्थेत शिक्षक झाले. याच काळात ते मुंबईत सायकली विकत घेऊन बेळगावला धाडीत आणि बंधू रामूअण्णा त्या विकत. एका सायकलीची किंमत सातशे ते हजार रुपये असे, चालवायला शिकविण्याचे शुल्क पंधरा रुपये!

पुढे हक्काची बढती त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला देण्यात आली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठले. दुकानापाठोपाठ कडबा कापण्याचे यंत्र आले, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन विषारी होते, या समजुतीपायी शेतकरी त्या नांगराला हात लावीनात. पहिला नांगर खपायला दोन वर्षे लागली. तशात नगरपालिकेने नव्या वसाहतीसाठी कारखान्याची जागा रिकामी करण्यास फर्माविले. ऐन उभारीच्या वेळी पायाखालची जमीनच गेली.

या प्रसंगी औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी धावून आले. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे. त्यांनी कुंडल रोड स्थानकाजवळ बत्तीस एकर माळ आणि दहा हजार रुपये बिनव्याजी दिले. निवडुंग आणि नागसापांनी भरलेला तो माळ साफ करून १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासे झाले, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या. त्या वितळवून नांगर झाले.

आमच्या मते त्यांचे खरे धाडस मात्र नांगरात नव्हते. वसाहतीत त्यांनी अस्पृश्यतेला थारा दिला नाही. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना, ज्यांना गावोगावी दार बंद होते, त्यांनी कामावर घेतले, आणि रात्रीची राखण त्यांच्यापैकीच काहींवर सोपविली.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव निवर्तले. कुंडल रोड स्थानकाचे नाव आता किर्लोस्करवाडी असे आहे, आणि बेळगावात जिथे ते सायकलींचे दुकान होते तो रस्ता किर्लोस्कर रोड म्हणून ओळखला जातो.