डोक्यावरचे ओझे आणि डोक्यातले ओझे

व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांचे पीक सध्या गावोगावी आले आहे. "मी करू शकत नाही" हा विचार काढून टाका, यश तुमचेच आहे, असे तेथे सांगितले जाते. विचार चुकीचा नाही, परंतु अर्धवट आहे. "मला जमणार नाही" ही समजूत आपल्या समाजाच्या डोक्यात आपोआप शिरली नाही. ती पिढ्यान् पिढ्या ठोकून बसवली गेली. मागच्या जन्मीचे पाप म्हणून हा जन्म, बाईच्या जातीला अक्षर कशाला, आपली पायरी आपण ओळखावी, असे धर्माच्या नावाने सांगितले गेले आणि आपल्याच माणसांनी ते खरे मानले. बाबासाहेबांचा लढा बाहेरच्या शत्रूशी जेवढा होता, तेवढाच या मानसिक गुलामगिरीशीही होता. ही गुलामगिरी मोडायची कशी, हे समजून घ्यायचे असेल तर शिबिरात जाण्याआधी आपल्याच विदर्भातील जाईबाई चौधरी यांचे चरित्र वाचले पाहिजे.

जाईबाईंचा जन्म १८९२ साली उमरेड येथे एका गरीब महार कुटुंबात झाला. १८९६ च्या दुष्काळाने हे कुटुंब नागपूरला आणले. १९०१ साली, वयाच्या नवव्या वर्षी, बापूजी चौधरी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. घरात दारिद्र्य होते. पोटासाठी जाईबाईंनी नागपूर-कामठी दरम्यान डोक्यावर ओझी वाहण्याची हमाली केली. मात्र या हमाल बाईला लिहिता-वाचता येत होते. ज्या काळात सवर्णांच्या घरातही मुलीच्या हाती पाटी देणे पाप समजले जाई, त्या काळातली ही गोष्ट आहे.

ग्रेगरी नावाच्या मिशनरी बाईंच्या हे लक्षात आले. त्यांनी जाईबाईंना मिशनच्या शाळेत महिना ४ रुपये पगारावर शिक्षिका म्हणून घेतले. डोक्यावरचे ओझे उतरले आणि हाती खडू आला. शिबिरातल्या वक्त्याने ही कहाणी येथेच संपवली असती आणि टाळ्या घेतल्या असत्या. परंतु जाईबाईंची खरी परीक्षा येथूनच सुरू झाली. आपल्या मुलांना शिकवणारी बाई अस्पृश्य आहे, हे कळताच सवर्ण पालकांनी मुले शाळेतून काढून घेतली आणि जाईबाईंची नोकरी गेली.

वाचकांनी येथे थोडे थांबावे. जाईबाईंचा स्वतःवरचा विश्वास कमी पडला होता काय? त्यांना शिकवता येत नव्हते काय? तसे काहीच नव्हते. त्यांच्या मनातली बेडी तुटली होती, पण दुसऱ्यांच्या मनातली जात शाबूत होती. म्हणूनच केवळ स्वतःची समजूत बदलून भागत नाही. अशा वेळी शंभरातली नव्याण्णव माणसे म्हणतात, पाहा, आधीच सांगितले होते, हे आपले काम नव्हे. अपमानाने जुनी समजूत पुन्हा डोके वर काढते आणि माणूस मुकाट्याने आपल्या पायरीवर जाऊन बसतो. व्यवस्थेला तेच हवे असते.

जाईबाई पायरीवर बसल्या नाहीत. दुसऱ्याच्या शाळेत जागा नसेल तर आपली शाळा काढायची, हा मार्ग त्यांनी धरला आणि १९२२ साली नागपुरात मुलींसाठी संत चोखामेळा कन्या शाळा सुरू केली. एकट्या बाईच्या मनातला विश्वास त्यांनी संस्थेत उतरवला. माणसाची जिद्द माणसाबरोबर जाते, संस्था मागे राहते. जाईबाई चौधरी ज्ञानपीठ हे नाव नागपुरात आजही आहे.

शाळेच्या नावाचाही विचार करण्यासारखा आहे. चोखोबा आपल्या समाजाचे आदरस्थान होते. त्यांनी अन्यायाची वेदना मांडली, पण हीन जन्म पूर्वकर्माचे फळ आहे ही समजूत त्यांच्या काळाला ओलांडता आली नाही. पंढरपुरी त्यांची समाधीही मंदिराच्या पायरीपाशीच आहे. १९२२ मध्ये आपल्याजवळ तेवढेच नाव होते. त्या नावाच्या पाटीखाली अक्षरे गिरवणाऱ्या समाजाने पुढे त्या पायरीलाच पाठ फिरवली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी याच नागपुरात कर्म-नशिबाचे गाठोडे टाकून देऊन बाबासाहेबांसोबत बुद्धाचा धम्म स्वीकारला. हा चौतीस वर्षांचा प्रवास भाषणांनी जितका घडला, तितकाच अशा शाळांनी घडवला.

जाईबाई वर्गाच्या चार भिंतींतही थांबल्या नाहीत. ऑगस्ट १९३० मध्ये बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली नागपूरला दलित वर्गाची अखिल भारतीय परिषद झाली. त्याच वेळी भरलेल्या महिला परिषदेत त्यांनी मुलींच्या शिक्षणाचा प्रश्न मांडला. पुढे डिसेंबर १९३७ मध्ये नागपुरातच अखिल भारतीय महिला परिषदेचे अधिवेशन भरले. स्त्रियांच्या समतेसाठी जमलेल्या या सुशिक्षित भगिनींनी जेवणाच्या वेळी मात्र अस्पृश्य स्त्रियांना वेगळे बसवले. हा अपमान जाईबाई आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी गिळला नाही. १ जानेवारी १९३८ रोजी दलित स्त्रियांनी सभा घेऊन जाहीर निषेध केला. पहिल्या अपमानातून शाळा उभी राहिली होती, आता संघटित आवाज उठला. २० जुलै १९४२ रोजी सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली नागपूरला झालेल्या दलित महिला परिषदेला हजारो स्त्रिया आल्या आणि त्यांची जागृती पाहून बाबासाहेबांनी समाधान व्यक्त केले. त्या गर्दीमागे जाईबाईंसारख्या स्त्रियांची वीस वर्षांची मशागत होती.

आज आमच्या गोंदिया जिल्ह्यात काय चित्र आहे? राज्यघटनेच्या कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. कलम २१-क ने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुला-मुलीला शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला. जाईबाईंजवळ यातले एकही कलम नव्हते. तरीही विडी वळणाऱ्या, धानाच्या बांधीत रोवणीला जाणाऱ्या आमच्या मायमाउल्यांच्या तोंडून ऐकू येते की, पोरगी दहावी झाली, आता पुरे. वकिलीच्या व्यवसायात मी रोज पाहतो, कायद्याने दिलेला हक्क मागायलाही आधी मन मोकळे असावे लागते. जो स्वतःला लायक समजत नाही, तो अर्जसुद्धा करीत नाही. दुसरीकडे शिकून नोकरीला लागलेले आमचे बांधव मीपणात रमले आहेत. आपण जिद्दीने वर आलो, बाकीचे आळशी आहेत, ही त्यांची समजूतही तितकीच घातक आहे.

जाईबाईंची खरी जयंती साजरी करायची असेल तर हार-फुले नकोत. प्रत्येक विहारात रोज संध्याकाळी दोन तास अभ्यासवर्ग चालवा. गावातल्या दहावी-बारावीच्या मुलींची यादी करा, त्यांचे शिष्यवृत्तीचे अर्ज भरून द्या आणि एकीचीही शाळा सुटू देऊ नका. चार रुपयांची नोकरी गमावलेल्या एका हमाल बाईने शाळा काढून दाखवली. घटनेचे संरक्षण असताना आपल्याला जमणार नाही, असे म्हणण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणालाही नाही.

जयभीम!