पाखरांमागे गेलेला मुलगा

माघ सरत आला, पांगारा आणि काटेसावर फुलली, की चोडणच्या खारफुटीतली पाहुणी बदके परतीला लागतात. तेथील पक्षी अभयारण्याला डॉ. सलीम अलींचे नाव आहे.

१८९६ साली मुंबईत जन्मलेला सलीम लहानपणीच पोरका झाला. छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. तिचे नाव विचारायला तो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला आणि पक्ष्यांचाच झाला. पदवीअभावी नोकरी हुकली, निरीक्षण सुटले नाही. फुलांतील मधासाठी येणारे पक्षी पराग कसे वाहतात, यावर त्यांनी लिहिले. १९४१ साली भारतीय पक्ष्यांवरचे त्यांचे पुस्तक आले. १९८७ साली ते वारले. पुढच्याच वर्षी चोडणचे अभयारण्य झाले.

विद्यार्थिमित्रांनो, पहिला पांगारा कधी फुलला, वहीत टिपा. आपणही एका प्रश्नापासून सुरुवात करू.