महर्षी कर्वे यांची अविचल निष्ठा

धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील शेरवली येथे झाला. बालपण मुरुड गावी गेले. स्वभावाने ते संकोची, बोलण्यात मितभाषी. गावाच्या हितासाठी त्यांनी ‘मुरुड फंड’ उभा केला होता. परंतु १८९३ साली विधवा गोदूबाईंशी त्यांनी पुनर्विवाह केला, आणि त्याच गावाने त्यांना वाळीत टाकले. आपल्याच माणसांनी केलेली निंदा परक्यांच्या निंदेहून अधिक बोचते. कर्व्यांनी उलट उत्तर दिले नाही. गावाविषयी मनात अढीही धरली नाही.

१८९६ साली पुण्यात त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. आश्रमावर लोकांचा विश्वास बसावा म्हणून पुनर्विवाहाच्या चळवळीतून ते बाजूला झाले. तेव्हा सुधारकही रुष्ट झाले! सनातन्यांचा रोष अपेक्षितच होता. सोबत्यांचा रोष सोसणे खरोखर कठीण. १९०० साली आश्रम हिंगण्याच्या माळावर झोपडीत गेला. फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवून कर्वे रोज तिकडे पायी जात. पावसाळ्यात चिखल तुडवीत, डोक्याखांद्यावर आश्रमाचे सामान घेऊन.

त्याच हिंगण्यातून पुढे १९१६ साली महिला विद्यापीठ उभे राहिले. १९५८ साली शंभराव्या वर्षी त्यांना भारतरत्न मिळाले. मात्र तत्पूर्वी, १९३६ साली, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, खेड्यांतील प्राथमिक शाळांसाठी हा वृद्ध पुण्याच्या दारोदार फिरून पुन्हा लहानसहान वर्गण्या गोळा करू लागला होता.