मेक्सिकोचे मराठी गुरुजी : डॉ. पांडुरंग खानखोजे

वाचकहो, पावसाळ्यात खंडाळा-लोणावळ्याच्या वाटेवर निखाऱ्यावर भाजलेले मक्याचे कणीस आपण खाल्ले असेलच. हे पीक मूळचे आपल्याकडचे नव्हे. ते मेक्सिकोचे. तिथल्या मूळ रहिवाशांनी हजारो वर्षे निवड करीत करीत एका रानगवतातून ते घडविले. त्याच मेक्सिकोत, त्याच मक्याचा अभ्यास करणारा आणि तिथल्या गोरगरीब शेतकऱ्यांना शेती शिकविणारा एक मराठी प्राध्यापक होऊन गेला, हे आपल्यापैकी किती जणांस ठाऊक आहे? परंदवडीसारख्या मावळातल्या गावी भातखाचरात राबून शाळा शिकणाऱ्या आपल्या मुलांनी तरी ही हकिकत वाचावी, म्हणून ती येथे देत आहे.

पांडुरंग सदाशिव खानखोजे यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८४ रोजी वर्ध्यास झाला. वडील अर्ज लिहून देण्याचे काम करीत. मुलगा टिळकांच्या प्रभावाखाली आला आणि इंग्रजांविरुद्ध लढायचे तर लष्करी शिक्षण हवे, या ध्यासाने विशीच्या सुमारास देशाबाहेर पडला. प्रथम जपान, नंतर अमेरिकेचा पश्चिम किनारा. तिथे कॅलिफोर्नियात त्यांनी लष्करी शाळेत शिक्षण घेतले, आणि त्याबरोबर शेतीशास्त्रही शिकले. बंदूक आणि नांगर या दोन्ही विद्या त्यांनी एकाच काळात हस्तगत केल्या. पुढे आयुष्यभर उपयोगी पडली ती दुसरी.

१९१३ साली गदर पक्ष उभा राहिला. त्याच्या उभारणीत खानखोजे होते आणि लढाऊ कामाची जबाबदारी त्यांच्याकडे होती. त्याच १९१३ साली आपले बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले, हे येथे सहज आठवते. एक पूर्व किनाऱ्यावर, दुसरा पश्चिम किनाऱ्यावर. एकाला परकी राज्य उलथून टाकायचे होते. दुसरा ग्रंथालयात बसून आपल्या समाजाची उतरंड मुळापासून तपासू लागला होता. या दोघांच्या वाटा किती वेगळ्या, हे वाचकांनी मनाशी ताडून पाहावे.

पहिले महायुद्ध पेटताच खानखोजे इराणात गेले. तिथल्या टोळ्यांना हाताशी धरून ब्रिटिश फौजेशी लढले, जखमी झाले, पकडले गेले, निसटले. युद्ध संपले तेव्हा त्यांच्या हाती काहीच नव्हते. मायदेशी परतावे तर तुरुंग ठरलेला. बर्लिनला गेले. १९२१ साली वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय, भूपेंद्रनाथ दत्त यांच्याबरोबर मॉस्कोसही जाऊन आले. तिथूनही हाती काही लागले नाही. चाळिशी जवळ आलेली, ना घर, ना देश, ना नोकरी. निर्वासित म्हणतात तो हाच. असा मनुष्य १९२४ मध्ये मेक्सिकोस पोहोचला.

आता हे मेक्सिको कसे होते, ते समजून घेतले पाहिजे. तिथे मोठमोठ्या जहागिरी होत्या, त्यांना हासिएंदा म्हणत. त्यांवर राबणारा मजूर हा कर्जाने बांधलेला. जहागिरीच्या दुकानातूनच धान्य-कपडा उधारीवर घ्यायचा, तेही मालक सांगेल त्या भावाने, आणि ते कर्ज बापाकडून मुलाकडे जायचे. महारकीच्या वतनात ज्यांचे आजे-पणजे बांधलेले होते, त्या वाचकांना हे निराळे समजावून सांगायला नको. १९१० साली तिथे क्रांतीचा भडका उडाला. १९१७ च्या राज्यघटनेने जमीनवाटपाचा मार्ग मोकळा केला. आणि राजधानीजवळ चापिंगो येथे, एका माजी राष्ट्राध्यक्षाच्या जप्त केलेल्या हासिएंदावर, राष्ट्रीय कृषी विद्यालय आले. जिथे वेठीचा मजूर राबे, तिथे शेतीचे वर्ग भरू लागले. खानखोजे या विद्यालयात शिकवू लागले. अमेरिकेत असताना मेक्सिकन क्रांतिकारकांशी झालेली जुनी ओळख इथे कामी आली.

वनस्पतींची पैदास आणि सुधारणा हा त्यांचा विषय. मक्याच्या शेंड्याला तुरा असतो, तो नर. कणसाच्या टोकाला केस लोंबतात, ते मादी फुलाचे. वारा परागकण उडवतो आणि कोणाचे बीज कोणाशी जुळेल याचा भरवसा राहत नाही. म्हणून कणसावर पिशवी बांधायची, निवडलेल्या ताटाचा परागकण हाताने त्या केसांवर घालायचा, नोंद ठेवायची, आणि पुढच्या हंगामाची वाट पाहायची. अशी वर्षानुवर्षे चिकाटीची मेहनत. त्यांनी मक्याचा त्याच्या रानटी भावंडाशी, तेओसिंते नावाच्या गवताशी, संकर करण्याचे प्रयोग केले. एकाच जागी अनेक कणसांचा झुबका धरणाऱ्या मक्यावर त्यांनी पुस्तिका लिहिली. दुष्काळाला आणि थंडीला तोंड देतील असे वाण शोधणे, हा त्यांचा ध्यास होता.

पण माझ्या मते त्यांचे मोठे काम प्रयोगशाळेतले नव्हे. चापिंगोला येऊ न शकणाऱ्या शेतकऱ्यांसाठी त्यांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस खेड्यांतच मुक्त कृषिशाळा उघडल्या. त्यांतल्या एकीला शेतकऱ्यांचा पुढारी एमिलियानो झपाटा याचे नाव होते. ज्याच्या हाती नुकतीच जमीन आली आहे त्याला बियाणे, खत, पाणी यांचे ज्ञान न दिल्यास ती जमीन पुन्हा सावकाराच्या घशात जाते, हे ओळखूनच शाळा गावात नेली होती. इटलीहून आलेल्या छायाचित्रकार तीना मोदोत्ती यांनी या शाळांची आणि मक्याची छायाचित्रे काढली. थोर चित्रकार दिएगो रिव्हेरा हा खानखोजे यांचा स्नेही. मेक्सिकोच्या शिक्षण खात्याच्या इमारतीत त्याने भिंतीवर रंगविलेल्या एका चित्रात कष्टकऱ्यांच्या पंगतीत भाकरी वाटणारा जो पुरुष आहे, त्याचा चेहरा खानखोजे यांचा असल्याचे मानले जाते. कोणालाही न उठवता सर्वांना एका पंगतीत बसविणारे हे चित्र आहे, एवढेच येथे नोंदवतो.

१९३६ मध्ये त्यांनी जान नावाच्या बेल्जियन स्त्रीशी विवाह केला. सावित्री आणि माया या दोन मुली झाल्या.

देश १९४७ ला स्वतंत्र झाला. ज्यासाठी चाळीस वर्षे वनवास भोगला ते घडले, तेव्हा वृद्ध खानखोजे यांनी परत येण्याची परवानगी मागितली. ती नाकारली गेली! इंग्रजांनी केलेल्या काळ्या यादीत त्यांचे नाव होते आणि नव्या सरकारच्या दप्तरात ती यादी तशीच चालू होती. राज्यकर्ते बदलले तरी कारकुनाची फाईल बदलत नाही, याचे याहून कडू उदाहरण मला ठाऊक नाही. अखेरीस तो अडसर दूर झाला आणि १९४९ मध्ये ते भारतात आले. पुढे नागपुरास स्थायिक झाले. शेती सुधारण्याच्या योजना मांडीत राहिले. त्यांतल्या फारशा कोणी मनावर घेतल्या नाहीत. २२ जानेवारी १९६७ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच सुमारास, १९६६ साली, भारत सरकारने मेक्सिकोतून १८ हजार टन गव्हाचे बियाणे मागविले होते. चापिंगोच्याच परिसरात १९४३ पासून जे संशोधन चालले होते, त्यातून हा गहू निघाला होता.

वीणा गवाणकर यांनी मराठीत त्यांचे चरित्र लिहिले आहे, कन्या सावित्री साहनी यांनी इंग्रजीत. ज्यांच्या गावी वाचनालय आहे त्यांनी ते मागवून घ्यावे. चापिंगोच्या विद्यापीठात सप्टेंबर २०२२ मध्ये खानखोजे यांचा पुतळा उभा राहिला.