डॉ. होमी भाभा आणि आकाशाचा मार्ग

डॉ. होमी जहांगीर भाभा यांचे नाव निघाले की तुर्भे येथील अणुभट्टी डोळ्यांपुढे उभी राहते. परंतु अणुभट्टीच्या कितीतरी आधीपासून ह्या पुरुषास निराळाच प्रश्न पडला होता. तो असा की, हवेच्या थरापलीकडे उपकरणे न्यावी कशी?

त्यांचा जन्म मुंबईस ३० ऑक्टोबर १९०९ रोजी एका सुखवस्तू पारशी कुटुंबात झाला. मुलाने इंजिनियर व्हावे व जमशेदपूरच्या पोलादाच्या कारखान्यात काम करावे, अशी वडिलांची इच्छा. मुलाचे मन गणितात. अखेर केंब्रिज येथे इंजिनियरिंगची परीक्षा पहिल्या वर्गात उतरल्यावर वडिलांनी अनुमती दिली. आईबापांनी हा भाग अवश्य लक्षात घ्यावा. हट्ट दोहोंकडे होता, पण शब्दही दोहोंनी पाळला.

१९३७ साली हायट्लर यांच्यासह त्यांनी विश्वकिरणांसंबंधी एक सिद्धांत मांडला. अंतराळातून येणारा वेगवान कण हवेवर आदळला म्हणजे त्यातून नवे कण निघतात, त्यांतून आणखी निघतात, आणि भूमीवर येतो तो केवळ त्यांचा वर्षाव. मूळ पाहुणा वाटेतच नाहीसा झालेला असतो! त्याची गाठ घ्यावयाची तर वर जाणे प्राप्त.

१९३९ साली ते रजेवर स्वदेशी आले, तोच युद्ध पेटले व परतीचा मार्ग खुंटला. बंगळूरच्या विज्ञानसंस्थेत त्यांनी काम आरंभिले. अमेरिकन लष्करी विमानातून सुमारे ३०,००० फुटांवर उपकरणे नेऊन पाहिली. तेवढ्याने भागेना. मग हवामानखात्यात वापरतात तसे रबरी फुगे एकापुढे एक बांधून वर सोडू लागले. १९४५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापन झाली व त्याच वर्षी मुंबईस आली. पुढे तिच्या कारागिरांनी पातळ प्लॅस्टिकचे प्रचंड फुगे घरच्या घरी बनविले. ह्यात एक मोठी अडचण होती. आपल्या उष्ण प्रदेशावर सोळा-सतरा किलोमीटर उंचीवर मात्र शून्याखाली ऐंशी अंशांची थंडी असते आणि तीत साधे प्लॅस्टिक काचेसारखे तडकते. हे संकट ओलांडण्यास पुष्कळ वर्षे लागली.

इकडे अमेरिकेत व्हॅन अॅलन यांनी १९५२ साली एक मौजेची युक्ती योजिली. लहान अग्निबाण फुग्यास टांगून दाट हवेच्या वर न्यावा व तेथून डागावा, म्हणजे थोड्या दारूत तो फार उंच जातो. ग्रीनलंडजवळ जहाजावरून सोडलेले पहिले दोन बाण पेटलेच नाहीत. आतील घड्याळ थंडीने गोठत असावे, ह्या तर्काने त्यांनी संत्र्याच्या रसाचे डबे तापवून आत ठेविले, आणि तिसरा बाण उडाला.

फुगा तासचे तास तरंगतो, पण चाळीस किलोमीटरांच्या फारसा वर जात नाही. अग्निबाण त्याहून कितीतरी वर जातो, पण तेथे मिनिटेच टिकतो. एकाने दुसऱ्याचे काम होत नाही, म्हणून भाभांच्या अणुशक्तिखात्याने अग्निबाणासही आश्रय दिला. १९६२ साली डॉ. विक्रम साराभाई यांच्या अध्यक्षतेखाली अवकाशसंशोधन समिती नेमली गेली. केरळातील थुंबा हे कोळ्यांचे गाव पृथ्वीच्या चुंबकीय विषुववृत्तानजीक, म्हणून ते निवडले. तेथील ख्रिस्ती मंडळीने आपले देऊळ व घरे सोडून दिली, आणि त्या देवळात अग्निबाणाची जुळणी होऊ लागली. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी तेथून पहिला बाण उडाला. बाण अमेरिकेचा होता. त्याने सोडलेला सोडियमच्या वाफेचा ढग सायंकाळच्या आकाशात नारिंगी दिसला.

२४ जानेवारी १९६६ रोजी व्हिएन्नास जात असता भाभांचे विमान आल्प्समधील माँ ब्लांवर आदळले. कोणीही वाचले नाही. त्यांचे वय ५६ होते.

फुग्यांचे काम मात्र थांबले नाही. १९६९ साली हैदराबाद येथे कायमचे केंद्र झाले. तेथून रात्री किंवा पहाटे सोडलेला फुगा वाऱ्याबरोबर वाहत जातो, आणि उपकरणे कोठे उतरतील ह्याचा नेम नसतो. म्हणून जी सूचना प्रसिद्ध करण्यात येते, तीत लातूर, सोलापूर, बीड ह्यांच्याबरोबर आमच्या धाराशिव जिल्ह्याचेही नाव असते. ज्वारीच्या शेतात रंगीत हवाई छत्री व तिला दोरीने बांधलेली पेटी आढळली, तर ती उघडू नये, कारण आत जोराची वीज असू शकते. पेटीवरील पत्त्यावर किंवा पोलीसठाण्यात कळवावे. कळविणाऱ्यास योग्य बक्षीस व खर्च मिळतो. कित्येक महिन्यांची मेहनत त्या पेटीत असते, आणि ती मुंबईस सुखरूप परत जावी की नाही, हे त्या घटकेस शेतकऱ्याच्या हाती असते.