लुई पाश्चर आणि मांजरीचा ओरखडा



दरवर्षी २८ सप्टेंबरला आपण शाळेत जागतिक रेबीज दिन पाळतो. फळ्यावर कुत्र्याचं चित्र, परिपाठात पाच मिनिटं माहिती, की झालं. पण हीच तारीख का, हे आपण मुलांना सांगतो का? १८९५ साली याच दिवशी लुई पाश्चर यांचं निधन झालं. आज त्यांचीच गोष्ट सांगते.

निमित्त आमच्या चौथीतल्या एका मुलीचं. मागे एका वर्षी याच दिवशी परिपाठ संपल्यावर ती हळूच जवळ आली आणि तिनं बाही वर केली. मनगटावर तीन लाल रेघा, एकीवर रक्त सुकलेलं. गल्लीतल्या मांजरीनं आदल्या संध्याकाळी ओरबाडलं होतं. घरी सांगितलं नव्हतं, कारण इंजेक्शनची भीती. शिवाय मांजरच ती, कुत्रं थोडंच आहे! तिच्याकडे पुन्हा येऊ. आधी फ्रान्सला जाऊ या.

२७ डिसेंबर १८२२ रोजी दोल या गावी लुईचा जन्म झाला. वडिलांचा धंदा कातडी कमावण्याचा. पुढे कुटुंब आर्ब्वा गावी आलं. लुई आठ-नऊ वर्षांचा असताना, १८३१ साली, त्या भागात एक पिसाळलेला लांडगा आला आणि त्यानं अनेकांना फाडलं. तेव्हा उपाय एकच होता, तापवलेल्या लोखंडानं जखम डागायची. गावच्या लोहाराकडे लोकांना डागलं जात होतं, ते या मुलानं पाहिलं. आपल्या चौथीतल्या मुलाएवढं वय हो! तो प्रसंग त्यांच्या मनातून कधी गेला नाही.

शाळेत ते काही फार चमकणारे विद्यार्थी नव्हते, चित्रं मात्र छान काढायचे. पुढे पॅरिसला शिकून रसायनशास्त्रज्ञ झाले. आंबवण्याची क्रिया सूक्ष्मजीवांमुळे होते हे त्यांनी दाखवलं, रेशीमकिड्यांचे रोग शोधले, कोंबड्यांच्या कॉलऱ्यावर आणि मेंढ्यांच्या अँथ्रॅक्सवर लस तयार केली. दुधाच्या पिशवीवर ‘पाश्चराइज्ड’ हा शब्द आपण रोज वाचतो, तो त्यांच्याच नावावरून. हे सगळं पुस्तकात आहे, म्हणून मी इथे थांबत नाही. पुस्तकात सहसा नसतं ते हे, की त्यांच्या तीन मुली लहानपणीच आजारानं गेल्या. १८६८ मध्ये, पंचेचाळिसाव्या वर्षी, त्यांना पक्षाघात झाला आणि डावी बाजू कायमची अधू झाली. रेबीजचं काम त्यांनी त्यानंतर केलं.

हे काम अवघड का होतं? रेबीजचा विषाणू तेव्हाच्या सूक्ष्मदर्शकातून दिसतच नव्हता. न दिसणाऱ्या शत्रूशी लढायचं! पाश्चर आणि त्यांचे सहकारी एमिल रू यांनी तो सशांच्या मेंदूत वाढवला. मेलेल्या सशाचा मज्जारज्जू काचेच्या बाटलीत कोरड्या हवेत टांगून ठेवला, की त्यातला जोर दिवसेंदिवस कमी होत जायचा. चौदा दिवस वाळलेला तुकडा जवळजवळ निरुपद्रवी, ताजा तुकडा जीवघेणा. आधी सर्वांत दुबळा, मग थोडा जोरदार, असं रोज टोचत गेलं तर शरीर तयार होतं.

पण चावल्यानंतर लस देऊन उपयोग काय? इथेच खरी मेख आहे बघा. हा विषाणू रक्तातून धावत नाही. जखमेपासून तो नसांच्या वाटेनं सावकाश मेंदूकडे जातो. त्याला बहुधा काही आठवडे, कधी महिने लागतात. तो पोचण्याआधी शरीर तयार झालं तर माणूस वाचतो.

६ जुलै १८८५. अल्सास प्रांतातून एक आई नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला घेऊन पॅरिसला आली. दोन दिवसांपूर्वी पिसाळलेल्या कुत्र्यानं त्याचे लचके तोडले होते. पाश्चर डॉक्टर नव्हते, त्यांना टोचण्याचा अधिकारच नव्हता. रू यांना ही घाई पटली नव्हती. पुढे पाश्चर यांच्या प्रयोगवह्या अभ्यासकांनी तपासल्या, तेव्हा आधीच्या प्रयोगांची तयारी जगाला सांगितली त्यापेक्षा कच्ची होती, असंही काहींनी दाखवून दिलं. मला वाटतं, मोठ्या मुलांना हेही सांगावं. शेवटी ग्रॅन्शे नावाच्या डॉक्टरांनी पोटात पहिलं इंजेक्शन दिलं. दहा-अकरा दिवसांत तेरा इंजेक्शनं झाली. जोसेफ जगला, आणि मोठेपणी पाश्चर संस्थेतच रखवालदार झाला.

ही गोष्ट आपण सांगतो. लुईझ पेलेतिएची मात्र सांगत नाही. ही दहा वर्षांची मुलगी त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आली, डोक्याला चावा घेतल्यानंतर तब्बल ३७ दिवसांनी. उशीर झालाय हे पाश्चर यांना कळत होतं, नाव बदनाम होईल हेही कळत होतं. तरी आईवडिलांकडे बघून त्यांनी लस दिली. डिसेंबरच्या सुरुवातीला ती गेली. पाश्चर तिच्या खाटेशी बसून होते.

आता आमच्या मुलीकडे. मांजर पंजे चाटते, त्यामुळे लाळ नखांवर असू शकते. म्हणून ओरखडासुद्धा दाखवायचाच. मी तिला नळाखाली नेलं. साबण लावून, वाहत्या पाण्याखाली, घड्याळ लावून पंधरा मिनिटं धुतलं. रात्र उलटून गेली होती, तरी धुवायचंच. हळद, चुना, मिरचीपूड काही नाही, घट्ट पट्टीही नाही. मग आईला बोलावून सरकारी दवाखान्यात. रक्त आलं होतं म्हणून लशीबरोबर जखमेच्या कडेनं इम्युनोग्लोब्युलिनही टोचलं. लशीला काम करायला थोडे दिवस लागतात, तोवर ही तयार प्रतिपिंडं पहारा देतात. रक्त न येता नुसतं खरचटलं तरी लस लागते. मांजर घरची असली, तिला लस दिलेली असली, तरी काय द्यायचं ते डॉक्टरांनाच ठरवू द्या. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की जवळजवळ कुणीच वाचत नाही.

आई आधी घाबरलीच होती. ‘पोटात चौदा इंजेक्शनं’ तिनं माहेरी ऐकलेली! ती मेंढीच्या मेंदूपासून केलेली जुनी लस आपल्याकडे बंद होऊन वीसेक वर्षं झाली. आता दंडावर टोचतात. कार्डावर तारखा मिळाल्या: पहिल्या दिवसानंतर तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा दिवस. (दंडाच्या स्नायूत देतात तेव्हा चौदावा दिवसही असतो.)

अठ्ठाविसावा दिवस म्हणजे २६ ऑक्टोबर, नेमका दिवाळीच्या सुट्टीत. मामाच्या गावी जायचं ठरलेलं. आदल्या दिवशी मी फोन केला तर कार्ड घरीच राहिलेलं. वडिलांनी त्याचा फोटो मोबाईलवर पाठवला, आणि मामानं तिला सकाळी मोटारसायकलवर ग्रामीण रुग्णालयात नेलं.