हाफकिन : एका लशीची आणि एका चौकशीची कथा

आपल्यापैकी अनेकांच्या घराण्यांत प्लेगच्या सालाची एखादी तरी आठवण सांगितली जात असे. घरात उंदीर पडला की गाव सोडावयाचे, माळावर झोपड्या घालून राहावयाचे आणि साथ ओसरल्यावर परतून कोण उरले ते पाहावयाचे, असे दिवस आपल्या आज्या-पणज्यांनी काढले. त्या काळात परक्या देशातून आलेल्या एका संशोधकाने मुंबईत बसून या रोगावर लस तयार केली. परळच्या हाफकिन संस्थेचे नाव मराठी माणसाला नवे नाही. परंतु ते ज्या पुरुषाचे नाव आहे, त्याचे चरित्र मात्र आपल्या मुलाबाळांना फारसे ठाऊक नसते. सुवर्णमहोत्सवाच्या या प्रसंगी त्याची ओळख करून देण्याचा हा अल्प प्रयत्न.

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १८६० साली ओडेसा येथे एका ज्यू कुटुंबात झाला. हे शहर आज युक्रेनमध्ये आहे. त्या वेळी ते रशियन साम्राज्यात होते. तेथील विद्यापीठात थोर जीवशास्त्रज्ञ मेच्निकोव्ह यांचे शिष्यत्व त्यांना लाभले. ज्यू वस्त्यांवर हल्ले होऊ लागले तेव्हा स्वसंरक्षणासाठी उभ्या राहिलेल्या तरुणांत हाफकिन होते. त्यांना अटक झाली आणि गुरूंच्या शब्दामुळे सुटका झाली. स्वधर्म सोडल्यावाचून विद्यापीठात बढतीची आशा नव्हती आणि तो सोडण्याची त्यांची तयारी नव्हती. १८८८ मध्ये त्यांनी मायभूमी सोडली. जिनिव्हा येथे काही काळ काढून ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत आले. तेथे रिकामी असलेली जागा ग्रंथपालाची होती, तीच त्यांनी पत्करली आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत पटकीच्या जंतूंवर काम आरंभिले. १८ जुलै १८९२ रोजी पटकीची लस त्यांनी प्रथम स्वतःलाच टोचून घेतली.

लस तयार झाली, परंतु ती माणसाला रोगापासून वाचवते की नाही हे ठरविण्यास रोग जेथे आहे तेथेच जावयास हवे होते. हिंदुस्थानचे माजी व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन तेव्हा पॅरिस येथे ब्रिटनचे राजदूत होते. त्यांच्या प्रोत्साहनाने हाफकिन १८९३ च्या मार्चमध्ये कलकत्त्यास उतरले. पुढील दोन-अडीच वर्षांत उत्तर हिंदुस्थानातील छावण्या, कलकत्त्याच्या बस्त्या आणि आसामचे चहामळे पालथे घालून त्यांनी सुमारे ४२ हजार लोकांना लस टोचली. या भ्रमंतीत त्यांना हिवतापाने गाठले.

त्यांच्या कामाची खरी थोरवी येथे ध्यानात घेतली पाहिजे. लस घेतलेल्या किती जणांना रोग झाला एवढेच सांगून ते थांबत नसत. त्याच वस्तीत, त्याच घरात, तेच पाणी पिणाऱ्या परंतु लस न घेतलेल्या किती जणांना झाला, याचीही ते तितक्याच काटेकोरपणे नोंद ठेवीत. न टोचलेल्यांची यादी ही टोचलेल्यांच्या यादीइतकीच मोलाची, हे त्यांचे सूत्र होते. आज अभियांत्रिकी, संगणकशास्त्र आणि आरोग्यविज्ञान एकत्र येऊन जे उपयोजित संशोधन चालते, त्याच्या मुळाशी हीच तुलना आहे. ती हाफकिन यांनी वही-पेन्सिलीने केली.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेग असल्याचे निदान मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी केले. शहर रिकामे होऊ लागले. सरकारने हाफकिन यांना कलकत्त्याहून पाचारण केले. ऑक्टोबरात ते मुंबईस आले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना मिळाली एक खोली आणि एक व्हरांडा. हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्या सामग्रीवर त्यांनी तीन महिन्यांत लस तयार केली.

लस बनविण्याची त्यांची रीत युक्तीची होती. मांसरसाने भरलेल्या मोठ्या चंबूत ते वर तुपाचे थेंब टाकीत. प्लेगचे जंतू त्या तुपाला धरून खाली लोंबत्या झुंबरांसारखे वाढत. चंबू हलविला की झुंबरे तळाशी बसत आणि नवी वाढ सुरू होई. काही आठवड्यांनी तो रस उष्णता देऊन निर्जीव करीत व त्यात थोडे कार्बॉलिक ॲसिड मिसळीत. या रसासाठी बोकडाचे मांस वापरले जाई, कारण गोमांस वा डुकराचे मांस असल्याची शंका जरी आली असती तरी येथील जनतेने लस नाकारली असती. प्रयोगशाळेतील ज्ञान लोकांच्या दारी न्यावयाचे तर लोकांची मनेही जाणावी लागतात, हे त्या परदेशी माणसाने ओळखले होते.

१० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी नेहमीच्या मात्रेहून कितीतरी अधिक लस स्वतःस टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. ज्यांची इच्छा होती त्या कैद्यांना लस देण्यात आली. नंतरच्या दिवसांत न टोचलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला व ६ दगावले. टोचलेल्यांपैकी दोघांना झाला आणि दोघेही वाचले. पुढे १८९८ मध्ये बडोद्याजवळच्या उंधेरा गावी त्यांनी प्रत्येक घरातील सुमारे निम्म्या माणसांना लस दिली. ज्या घरांत नंतर प्लेग आला, त्यांत टोचलेले ७१ होते, पैकी ३ मरण पावले. न टोचलेले ६४ होते, पैकी २६ मरण पावले. लस पूर्ण संरक्षण देत नाही हे हाफकिन यांनी कधी लपविले नाही. परंतु मृत्यू किती घटतात हे या आकड्यांनी निर्विवाद केले.

तो काळ सरकारविषयीच्या संशयाचा होता. पुण्यात घरझडत्यांनी लोक संतापले होते. रुग्णसेवा करता करता सावित्रीबाई फुले याच साथीत १८९७ च्या मार्चमध्ये गेल्या आणि जूनमध्ये रँडवर प्राणघातक गोळीबार झाला. अशा वातावरणात हाफकिन यांचा मार्ग सक्तीचा नव्हता, मन वळविण्याचा होता. तरुण आगाखान यांनी स्वतः सर्वांसमक्ष लस टोचून घेतली आणि त्यांच्यामागे हजारो खोजा पुढे आले. १० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली व हाफकिन तिचे प्रमुख झाले.

आणि येथेच दैव फिरले. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मलकोवाल या गावी पाच बाटल्यांतून १०७ जणांना लस देण्यात आली. एकाच बाटलीतून टोचलेले १९ जण धनुर्वाताने मरण पावले. इतर चार बाटल्यांमधून टोचलेल्यांना काहीही झाले नाही. चौकशी आयोगाने दोष परळच्या प्रयोगशाळेवर ठेवला. मागणी अफाट वाढल्यामुळे तेथे लस बनविण्याची नवी, जलद रीत आली होती आणि तीत कार्बॉलिक ॲसिड वगळले होते, यावर आयोगाचा रोख होता. हाफकिन यांना प्रमुखपदावरून दूर करण्यात आले.

वस्तुतः दुसरी बाजू कागदोपत्रीच होती. बाटलीचे बूच काढण्याचा चिमटा गावात जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. धनुर्वाताचे जंतू परळलाच शिरले असते, तर बाटली उघडेपर्यंतच्या ४१ दिवसांत तिला दुर्गंध सुटला असता. तसा वास उघडताना कोणाला आला नव्हता. लंडनच्या लिस्टर संस्थेने पुरावा तपासून दूषण बाटली उघडताना झाले असण्याचाच संभव अधिक ठरविला. तथापि हे सारे प्रकाशात येण्यास वर्षे लागली. अखेर मलेरियाच्या संशोधनाने कीर्ती पावलेले रोनाल्ड रॉस पुढे सरसावले. १९०७ च्या जुलैत लंडनच्या टाइम्समध्ये दहा नामवंत जंतुशास्त्रज्ञांच्या सह्यांचे पत्र प्रसिद्ध झाले आणि त्यानंतर सरकारने हाफकिन यांना पुन्हा सेवेत बोलाविले. फ्रान्समधील ड्रायफसवरील अन्यायाशी या प्रकरणाची तुलना त्या काळीच झाली होती.

आयुष्याची उमेदीची वर्षे सरकारी कागदपत्रांत घालविलेल्या माझ्यासारख्यास या कथेतील हा भाग विशेष विचार करावयास लावतो. मलकोवालचे १९ बळी ही खरी आणि दारुण हानी होती. तिची चौकशी होणे अगत्याचे होते. अपघात घडला की जबाबदारी निश्चित करावी लागते, आणि ती बहुधा वरच्या माणसावर येते, हेही समजण्यासारखे आहे. परंतु जबाबदारी निश्चित करणे आणि कारण शोधणे या दोन वेगळ्या गोष्टी होत. जो माणूस दोन्ही याद्या समोर ठेवल्याशिवाय निष्कर्ष काढीत नसे, त्याच्याविषयीचा निष्कर्ष मात्र एकच यादी वाचून काढण्यात आला. चौकशी करणाऱ्याने कोणत्याही खात्यात हे स्मरणात ठेवावे.

सेवेत परतल्यावर परळचे प्रमुखपद त्यांना लाभले नाही. कलकत्त्यास त्यांची नेमणूक झाली आणि १९१५ मध्ये त्यांनी हिंदुस्थान सोडला. पुढील वर्षे फ्रान्स व स्वित्झर्लंड येथे गेली. ते अविवाहित राहिले. २६ ऑक्टोबर १९३० रोजी लोझान येथे त्यांचे देहावसान झाले. त्याआधी, १९२५ मध्ये, परळच्या प्रयोगशाळेस त्यांचे नाव देण्यात आले होते. तोवर तेथून प्लेगच्या लशीच्या २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर गेल्या होत्या. १९३२ मध्ये साहिबसिंग सोखी हे या संस्थेचे पहिले भारतीय संचालक झाले. १९६४ साली भारताच्या टपाल खात्याने हाफकिन यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

पुढे प्रतिजैविके आली आणि प्लेगवरील उपचार पालटले. हाफकिन यांची लस इतिहासजमा झाली. संशोधकाच्या कार्याचे असे होणे हेच त्याचे साफल्य. ओडेसाचा हा पुत्र आपल्या घरापासून फार दूर, परक्या भाषेच्या लोकांत राहिला आणि त्यांच्यासाठी झिजला. आपणही आपापल्या गावांपासून दूर, दुसऱ्या प्रांतात संसार मांडून बसलो आहोत. आपल्या मुलांपैकी कोणी उद्या प्रयोगशाळेत, कारखान्यात वा रुग्णालयात काम करील, तर त्याने हाफकिन यांच्या त्या दोन याद्या ध्यानी ठेवाव्यात आणि ज्या प्रांताचे अन्न आपण खातो तेथील लोकांच्या उपयोगी पडावे, एवढीच या स्मरणामागील इच्छा.